निवाड्याविना नोंद

मनुष्याचे प्रत्येक कृत्य कोठेतरी लिहिले जाते ही कल्पना अनेक धर्मपरंपरांत आढळते, आणि या बहुतेक परंपरांत लिहिणे व निवाडा करणे या दोन क्रियांचे नाते अतूट मानलेले आहे. चित्रगुप्ताच्या वहीत जे नोंदले जाते ते यमधर्मापुढे वाचले जाण्यासाठीच. इस्लामी श्रद्धेतील 'किरामन कातिबीन' हे लेखक देवदूत हिशेबाच्या दिवसासाठीच लिहितात. आणि ख्रिस्ती बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही मृतांचा न्याय उघडलेल्या ग्रंथांवरूनच होतो. ज्याची नोंद आहे त्याच्याविषयी काहीही न ठरवता ती नोंद वाचणारा वाचक या चित्रात कोठेही दिसत नाही. आधुनिक राज्याने मात्र असा वाचक निर्माण केला असून, कर, रुग्णालय, शाळा, विवाह, मृत्यू यांच्या कोट्यवधी नोंदी तो एकत्र जोडून वाचतो आणि तरीही त्यांतील एकाही व्यक्तीला उद्देशून आपण काही बोलणार नाही अशी हमी देतो. असे वाचन खरोखर शक्य आहे काय, आणि ज्यांच्याविषयी ते होते त्यांना न विचारता ते करण्याचा अधिकार कोठून येतो, हा प्रश्न वरवर सांख्यिकीचा वाटला तरी मुळात नीतिशास्त्राचा आणि काही अंशी धर्मविचाराचा आहे.

प्रशासकीय नोंदवही म्हणजे एखादे सरकारी काम पार पाडण्यासाठी ठेवलेली आणि सतत अद्ययावत होत राहणारी व्यक्तींची, घरांची किंवा व्यवसायांची यादी. खानेसुमारीप्रमाणे ती ठरावीक वर्षांनी माणसांकडे जाऊन प्रश्न विचारत नाही. माणूस जन्मतो, पत्ता बदलतो, पगार घेतो, औषध विकत घेतो, मरतो, आणि प्रत्येक वेळी त्या त्या कार्यालयाच्या कामाचा भाग म्हणूनच नोंद होऊन जाते. या नोंदींचा संशोधनासाठी सर्वांत व्यापक उपयोग उत्तर युरोपातील देशांनी केला. स्वीडनने 1947 साली प्रत्येक रहिवाशाला व्यक्तिक्रमांक दिला. डेन्मार्कने 2 एप्रिल 1968 रोजी मध्यवर्ती व्यक्तिनोंदणी सुरू करून दहा अंकी क्रमांक रूढ केला, आणि 1981 साली एकाही घरी प्रगणक न पाठवता केवळ नोंदवह्यांच्या आधारे संपूर्ण जनगणना करणारा तो पहिला देश ठरला. एकच क्रमांक रुग्णालयात, शाळेत, कर कार्यालयात आणि दफनभूमीच्या दाखल्यावर वापरला जात असल्यामुळे वेगवेगळ्या नोंदी एका आयुष्यात गुंफता येतात. आणि संशोधकाच्या हाती देण्यापूर्वी तो खरा क्रमांक काढून त्याजागी निरर्थक क्रमांक घातला जातो, जेणेकरून आयुष्य दिसावे पण माणूस दिसू नये.

या व्यवस्थेची मुळे कर कार्यालयात नसून चर्चमध्ये आहेत, आणि ही गोष्ट केवळ इतिहासाची गंमत म्हणून सोडून देण्याजोगी नाही. राजा अकरावा चार्ल्स याच्या कारकिर्दीत 1686 साली झालेल्या चर्चविषयक कायद्याने स्वीडनमधील धर्मोपदेशकांवर आपापल्या पॅरिशमधील, म्हणजे चर्चच्या हद्दीतील, माणसांच्या नोंदी ठेवण्याचे कर्तव्य लादले. धर्मोपदेशक घरोघर कुटुंबाला एकत्र बसवून ल्यूथरच्या प्रश्नोत्तरीची परीक्षा घेई, आणि कोणाला वाचता येते, कोणाला धर्मतत्त्वे कितपत समजतात, हे घरवार यादीत खुणांनी नोंदवी. हेतू आत्म्याच्या काळजीचा होता. अर्थात त्या काळी आत्म्याची काळजी आणि प्रजेवरची देखरेख यांत फारसा भेद केला जात नसे, हेही खरे. 1749 साली याच पॅरिशनोंदींचे तक्ते देशभरातून मागवण्याची व्यवस्था सुरू झाली आणि त्यातून जगातील सर्वांत जुनी अखंड राष्ट्रीय लोकसंख्या-आकडेवारी उभी राहिली. खगोलशास्त्रज्ञ पेर वार्गेन्टिन याने तिच्या आधारे मृत्युमानाचे तक्ते सिद्ध केले. प्रारंभी हे आकडे राज्याचे गुपित होते, कारण देशात माणसे किती कमी आहेत हे शत्रूला कळू नये अशी राज्यकर्त्यांची इच्छा होती. लोकसंख्येची नोंद चर्चच्या हातून कर प्रशासनाकडे गेली ती थेट 1 जुलै 1991 रोजी. ज्या खुणांनी एखाद्या शेतमजूर स्त्रीची धर्मज्ञानातील प्रगती नोंदवली गेली होती, त्याच खुणांवरून विसाव्या शतकात उमिओ येथील एगिल योहान्सन या अभ्यासकाने दाखवून दिले की सार्वत्रिक शाळा येण्याच्या कितीतरी आधी स्वीडनच्या खेड्यापाड्यांत वाचनक्षमता पसरलेली होती. धर्मोपदेशकाने त्या स्त्रीची परीक्षा घेतली होती. योहान्सनने घेतली नाही. नोंद तीच राहिली, तिच्यातला परीक्षक गेला.

अशा वाचनातून मिळणारे ज्ञान कोणत्या जातीचे आहे, हा प्रश्न भारतीय प्रमाणविचाराच्या भाषेत मांडला की अधिक स्पष्ट होतो. न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानलेले असून ते आप्ताच्या उपदेशावर उभे असते; आणि भाष्यकार वात्स्यायनाच्या स्पष्टीकरणानुसार आप्त तो, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे. नोंदवहीतील कारकुनाला यांपैकी पहिली अट काही प्रमाणात लागू पडते, दुसरी मुळीच पडत नाही, कारण तो संशोधकाशी बोलतच नसतो. तो वरिष्ठाशी, लेखापरीक्षकाशी किंवा अर्जदाराशी बोलत असतो आणि संशोधक ते बोलणे बाजूला उभे राहून ऐकत असतो. म्हणून नोंदवहीतील उत्पन्न म्हणजे कर विभागाला सांगितलेले उत्पन्न, नोंदवहीतील आजार म्हणजे डॉक्टरपर्यंत पोचलेला आजार, आणि नोंदवहीतील घर म्हणजे कळवलेला पत्ता. जो डॉक्टरकडे गेला नाही तो या ग्रंथात निरोगीच असतो. पण याच ऐकीव साक्षीची एक मोठी ताकदही आहे. बोलणाऱ्याला आपण कोणत्या वादात साक्षीदार ठरणार आहोत हे ठाऊक नसल्यामुळे त्या वादापुरती तरी त्याची साक्ष पढवलेली नसते.

गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लशीमुळे मुलांना स्वमग्नता येते, असा समज 1998 नंतर पाश्चात्त्य देशांत झपाट्याने पसरला. ज्या आईबापांची मुले स्वमग्न होती त्यांना विचारले असता ते लशीनंतरचा प्रत्येक बदल आठवून सांगत, आणि इतरांना काहीच आठवत नसे. आठवणीवर आधारलेल्या कोणत्याही पाहणीत हा दोष शिरणे अटळ होते. डेन्मार्कमधील संशोधकांनी 1991 ते 1998 या काळात जन्मलेल्या 5,37,303 मुलांच्या नोंदी 2002 साली, आणि 1999 ते 2010 या काळात जन्मलेल्या 6,57,461 मुलांच्या नोंदी 2019 साली तपासल्या. लस टोचणाऱ्या डॉक्टरने ती नोंद आपले देयक मिळावे म्हणून केली होती आणि मनोविकार चिकित्सकाने निदान उपचारासाठी लिहिले होते. दोघांपैकी कोणालाही या वादाशी कर्तव्य नव्हते. लस घेतलेल्या मुलांत न घेतलेल्यांपेक्षा स्वमग्नतेचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. हे ज्ञान त्या मुलांपैकी कोणालाही, किंवा त्यांच्या पालकांनाही, परवानगी न विचारता मिळवलेले आहे, आणि परवानगी मागितली असती तर देणारे व न देणारे यांच्यातील फरकानेच ते डागाळले असते. प्रश्नाची खरी अडचण येथे आहे: संमती न घेणे हा या पद्धतीत आळसाने राहून गेलेला दोष नाही, तिच्या विश्वसनीयतेचा तो एक घटक आहे.

संमतीशिवाय माणसे मोजण्याविषयीची अस्वस्थता जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात दावीद राजा लढण्यायोग्य पुरुषांची गणना करवितो आणि तिच्यानंतर राज्यावर रोगराईची आपत्ती कोसळते. या कथेने भाष्यकारांना पुरते कोड्यात टाकले आहे, कारण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीदाला गणनेस प्रवृत्त करणारा स्वतः परमेश्वर आहे, तर इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्याच जागी सैतान आहे. दुसरीकडे निर्गमाच्या पुस्तकात गणना निषिद्ध नाही. प्रत्येकाने अर्धा शेकेल खंडणी म्हणून द्यावा, म्हणजे गणनेमुळे मरी येणार नाही, अशी तेथे आज्ञा आहे, आणि श्रीमंताने अधिक किंवा गरिबाने कमी देऊ नये असेही बजावलेले आहे. दावीदाचे पाप मोजण्यात होते की मोजणाऱ्याच्या हेतूत, यावर एकमत नाही. तरी दोन्ही स्थळे शेजारी ठेवून वाचली असता एवढे म्हणता येते, की माणसांवर सत्ता चालवण्यासाठी त्यांची संख्या हाताशी धरणे त्या परंपरेला धोक्याचे वाटले आणि मोजला जाणारा प्रत्येकजण समान आहे हे मान्य करून केलेली गणना सह्य वाटली.

विसाव्या शतकात हीच अस्वस्थता व्यक्तिस्वातंत्र्याच्या भाषेत बोलू लागली. 1953 साली जन्मलेल्या आणि स्टॉकहोम परिसरात राहणाऱ्या पंधरा हजारांहून अधिक मुलांच्या आयुष्यांचा मागोवा घेणारा 'मेट्रोपोलिट' प्रकल्प अनेक वर्षे शाळा, रुग्णालये, समाजकल्याण आणि पोलीस यांच्या नोंदी जोडत होता. 1986 साली वर्तमानपत्रांतून त्याची माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा प्रौढ झालेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांना आपण अभ्यासविषय आहोत याचा पत्ताच नव्हता. मोठा गदारोळ झाला आणि संग्रहातील ओळख पटवणारी माहिती नष्ट करण्यात आली. पुढील घटना अधिक बोलकी आहे: सुमारे दोन दशकांनंतर संशोधकांनी त्या अनामिक संग्रहाची दुसऱ्या एका अनामिक संग्रहाशी, दोहोंत समान असलेल्या तपशिलांच्या संभाव्यतेवरून, पुन्हा सांगड घातली आणि बहुतेक आयुष्ये परत जुळली. नाव पुसल्याने माणूस पुसला जातो ही समजूत तेथे व्यवहारात खोटी ठरली. पुरेशा तपशिलाने लिहिलेले आयुष्य हे स्वतःच एक नाव असते.

अनामिकता हा भक्कम आधार नसेल आणि संमती घेता येत नसेल, तर नोंदवहीवरील संशोधनाचे नैतिक समर्थन अन्यत्र शोधावे लागते, आणि वैदिक वाङ्मयातील ऋणकल्पना तेथे उपयोगी पडते. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव व पितर यांच्या तीन ऋणांसह येतो. शतपथ ब्राह्मणाने हे ऋण अस्तित्वात असलेल्या प्रत्येकाला लागू केले असून त्यात मनुष्यांचे चौथे ऋणही जोडले आहे. संमतीच्या सिद्धान्तात मनुष्य आधी स्वतंत्र असतो आणि मग करार करतो. ऋणाच्या सिद्धान्तात तो आधी देणेकरी असतो आणि त्या देण्याला त्याच्या होकाराची गरज नसते. आज ज्या रुग्णाला सुरक्षित मात्रेत औषध मिळते, त्याला ती मात्रा ठाऊक होण्यासाठी पूर्वीच्या असंख्य रुग्णांच्या नोंदी वाचल्या गेलेल्या असतात, आणि त्यांनाही कोणी विचारलेले नसते. त्या ज्ञानाचा लाभ घेऊन स्वतःची नोंद मात्र कुलूपबंद ठेवणे याला ऋणविचारात स्वातंत्र्य असे नाव मिळणार नाही. हे समर्थन संमतीच्या समर्थनापेक्षा अधिक खोल आहे, आणि तितकेच घातकही होऊ शकते, कारण 'तू देणे लागतोस' हे वाक्य सत्तेच्या तोंडी फार सहज येते. शतपथाने सांगितलेले मनुष्यऋण अतिथीला आसरा व अन्न देऊन फिटते. राजाच्या कोषात भरणा करून ते फिटते असे तेथे सांगितलेले नाही.

ऋण व्यक्तीपुरते नसते, ते वंशपरंपरेने चालते, याची प्रचिती आइसलँडमध्ये अनपेक्षित रीतीने आली. 1998 साली तेथील संसदेने साऱ्या लोकसंख्येच्या आरोग्यनोंदींचा एकच संग्रह उभारण्याचा कायदा केला. नकार न देणाऱ्याची संमती त्यात गृहीत धरलेली होती. मृतांना नकार देता येत नसल्यामुळे एका मुलीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी वगळण्याची मागणी केली, आणि 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली; वडिलांच्या आनुवंशिक माहितीवरून मुलीविषयी अनुमान काढता येते, म्हणून हा तिचाच हक्क आहे, असा न्यायालयाचा आशय होता. तो संग्रह पुढे उभा राहिलाच नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्या मराठी वाचकाला या निकालात विशेष नवल वाटू नये, कारण तेथेही एकाची नोंद ही साऱ्या कुळाची नोंद असते आणि यात्रेकरू आपल्या नावाखाली पणजोबांची सही शोधत असतो.

मग सत्तेच्या हाती ऋणवसुलीचे शस्त्र न देता हे संशोधन करायचे कसे? उत्तर युरोपातील व्यवस्थेने त्यावर दिलेले उत्तर एकेरी प्रवाहाचे आहे: माहिती प्रशासनाकडून सांख्यिकीकडे वाहू शकते, सांख्यिकीकडून प्रशासनाकडे परत कधीही नाही. कर चुकवणारा संशोधकाच्या पडद्यावर दिसला तरी संशोधक कर अधिकाऱ्याला कळवणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 1994 साली स्वीकारलेल्या अधिकृत सांख्यिकीच्या मूलतत्त्वांत व्यक्तिगत माहिती काटेकोरपणे गोपनीय ठेवून केवळ सांख्यिकीसाठीच वापरावी असे म्हटले आहे. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने 15 डिसेंबर 1983 रोजी जनगणना कायद्यावर निकाल देताना जनगणना वैध ठरवली, परंतु जनगणनेच्या उत्तरांवरून नगरपालिकांच्या रहिवासी-नोंदवह्या दुरुस्त करण्याची तरतूद रद्द केली, कारण त्यामुळे सांख्यिकी आणि अंमलबजावणी एकमेकींत मिसळत होत्या. माहिती गोळा करण्यापेक्षा ती माघारी वाहणे न्यायालयाला अधिक गंभीर वाटले, आणि ते बरोबरच होते.

या व्यवस्थेत संशोधकाकडून ज्या वृत्तीची अपेक्षा केली जाते तिचे वर्णन सांख्यदर्शनाने पुरुषाच्या, म्हणजे शुद्ध चेतनतत्त्वाच्या, लक्षणांत केले आहे: तो साक्षी, मध्यस्थ, द्रष्टा आणि अकर्ता आहे. प्रकृतीचा सारा खेळ त्याच्यासमोर घडतो. तो पाहतो, पण त्यात हात घालत नाही. चांगल्या सांख्यिकी कार्यालयाचा आदर्श नेमका हाच आहे. पण उपमा येथे तुटते, आणि जेथे तुटते तेथेच सारा धोका आहे: सांख्यांचा साक्षी काही लिहून ठेवत नाही. त्याचे पाहणे त्याच्यानंतर मागे उरत नाही. लिहिणाऱ्या साक्षीदाराचे व्रत मात्र त्याच्याबरोबर संपते आणि वही उरते.

नेदरलँड्समध्ये 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्येक रहिवाशाचे स्वतंत्र कार्ड असलेली, त्या काळी युरोपात आदर्श समजली जाणारी लोकसंख्या-नोंदवही तयार झाली. कार्डावर धर्माचा रकाना होता; तो वाईट हेतूने ठेवलेला नव्हता. 1940 साली जर्मन सैन्याने देश व्यापला आणि नोंदवही नव्या मालकांच्या हाती आयती पडली. सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास मारले गेले, हे प्रमाण पश्चिम युरोपातील इतर व्याप्त देशांहून अधिक होते. त्याची कारणे अनेक असली तरी परिपूर्ण नोंदवही हे त्यांतील एक होते. 27 मार्च 1943 रोजी विलेम आरोन्देयस आणि खेरित फान डेर फेन या कलावंतांच्या पुढाकाराने एका गटाने पोलिसांच्या वेषात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरून ते पेटवून दिले. कार्डांचा काही भागच जळाला, आणि आरोन्देयससह गटातील अनेकांना त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. ज्ञानाचा संग्रह जाळणे हेच सत्कृत्य ठरावे असे प्रसंग इतिहासात फार नाहीत.

व्रत मोडायला शत्रूच यावा लागतो असेही नाही. स्वीडनमध्ये 1975 पासून नवजात बालकांच्या रक्ताचे नमुने दुर्मीळ आजारांच्या तपासणीसाठी जतन केले जातात आणि कायद्यानुसार त्यांचा वापर उपचार, संशोधन व तत्सम कामांपुरताच मर्यादित आहे. सप्टेंबर 2003 मध्ये परराष्ट्रमंत्री आना लिंड यांची हत्या झाली तेव्हा पोलिसांनी संशयिताचा जन्मवेळचा नमुना त्या संग्रहातून मिळवला. पुढच्याच वर्षी आलेल्या हिंदी महासागरातील त्सुनामीत बळी पडलेल्या स्वीडिश नागरिकांची ओळख पटवण्यासाठी तात्पुरता कायदा करून तोच संग्रह खुला करण्यात आला. खुनी सापडावा आणि मृतांना त्यांचे नाव परत मिळावे, याला विरोध कोण करील? म्हणूनच ही उदाहरणे नेदरलँड्सच्या उदाहरणापेक्षा विचाराला अधिक त्रास देतात. अत्याचारी राजवटीसमोर कोणतेही व्रत टिकत नाही हे समजून घेता येते. पण सज्जन राज्यात ते सत्कारणासाठी मोडले गेले की, पुढच्या वेळी अमुक कारण पुरेसे चांगले नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हे सांगता येत नाही.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे, कारण येथील नोंदवह्या दीर्घकाळ अपुऱ्या राहिल्या. जन्म-मृत्यूची नोंदणी 1969 च्या कायद्याने सक्तीची होऊनही मृत्युमान व जन्मदर जाणण्यासाठी नमुना पाहणीवरच भिस्त ठेवावी लागली. अपुरेपणाने एक प्रकारचे संरक्षणही दिले, असे म्हणणे उपरोधिक वाटेल, पण ते खोटे नाही. आता नोंदी पूर्ण होऊ लागल्या आहेत आणि जोडणारा क्रमांकही उपलब्ध आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधन, अभिलेखन व सांख्यिकी यांना सूट दिली आहे, ती मात्र त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाणार नाही या अटीवर आणि विहित मानकांच्या चौकटीत. निवाड्याविना वाचनाची कल्पना इतक्या थोडक्या शब्दांत क्वचितच कायद्यात उतरली असेल. त्याच वर्षी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मात्र त्या नोंदींचा राष्ट्रीय संग्रह मतदारयादी, शिधापत्रिका, लोकसंख्या नोंदवही अशा इतर प्रशासकीय संग्रहांना देण्याची वाट मोकळी केली, म्हणजे एका कायद्याने जो प्रवाह एकेरी ठेवू पाहिला त्याच्या शेजारीच दुसऱ्या कायद्याने कालव्यांचे जाळे खणले. याचा पूर्वप्रयोग 2010 मध्ये होऊन गेला होता. त्या वर्षी घरयादीसाठी आलेल्या प्रगणकाच्या हाती दोन प्रपत्रे होती: एक 1948 च्या जनगणना कायद्याखालचे, ज्यातील उत्तरे कलम 15 नुसार कोणाला पाहता येत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही सहसा ग्राह्य धरली जात नाहीत, दुसरे राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे, नागरिकत्वाच्या नियमांखालचे, ज्याला हे कवच नव्हते. उंबरठा एक, लेखणी एक, विचारणारा प्रगणकही तोच. आणि उत्तर देणाऱ्याला आपण कोणत्या क्षणी साक्षीदाराशी बोलत आहोत व कोणत्या क्षणी न्यायाधीशाच्या कारकुनाशी, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग ठेवलेला नव्हता.